वस्तीची गाडी

"मोजा मॅडम, मोजा! आता तरी भरला ना तुमचा कोरम?"

बाळादादा शिवगण सहाणेच्या कठड्याला टेकून हसत होता आणि मी खरोखरच मोजत होते. एकशे सदतीस माणसं. निवेखोलच्या ग्रामसभेला इतकी माणसं मी पाच वर्षांत पहिल्यांदा बघत होते. एरवी ग्रामसभा लावली की सरपंच धोंडूतात्या, मी आणि सावलीला येऊन बसलेलं एखादं कुत्रं, एवढीच हजेरी.

शिमग्याचा दुसरा दिवस, भर दुपार. सहाण म्हणजे गावाच्या मधोमध असलेला, देवीची पालखी टेकवायचा दगडी चौथरा. पालखी सजून बसली होती. ढोलवाले मांडवाखाली घाम पुसत होते. मुंबईहून आलेले चाकरमानी नवे शर्ट घालून एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला फणसाखाली. देवीपुढे चपला चालत नाहीत, म्हणून मी अनवाणी खालच्या पायरीवर बसले होते, मांडीवर ठरावाची वही. पाय नुसते पोळत होते.

सभा शिमग्यात घ्यायची ही शक्कल माझीच, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मला ओळखते मी, पुढं सांगता सांगता हळूच दुसऱ्याच्या गळ्यात घालीन.

मी ग्रामसेविका होते. माहेर-सासर दोन्ही कोरेगाव बाजूचं. 'घाटावरची बाई' म्हणून आल्या दिवसापासून गावानं माझी यथेच्छ चेष्टा केली, आणि पहिल्या पावसाळ्यात निसरड्या जांभ्या दगडावर दोनदा घसरून पाठ शेकून घेतल्यावर मीही ती मान्य केली. माझ्याकडं चार गावं. चारही ओस पडत चाललेली. त्या वर्षी सरकारनं 'गजबजते गाव' नावाची योजना काढली. माणूस गावात टिकायला काय लागतं ते गावानंच ठरवायचं, ते एक काम सरकार करून देणार. परिपत्रक मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला ते आवडलं. नावाला हसले, पण कल्पना चांगली होती. अटी तेवढ्या सरकारी: काम ग्रामसभेनं निवडायचं, निदान शंभर माणसं हजर हवीत, तहकूब सभा चालणार नाही, ठराव मार्चअखेर तालुक्याला पोचला पाहिजे.

शंभर माणसं आणू कुठून? मतदारयादीत नावं चारशे बारा. गावात राहणारे, म्हातारे-कोतारे धरून, एक्केचाळीस. बाकीचे मुंबईला, नाव तेवढं गावच्या यादीत. विस्तार अधिकारी फोनवर करवादले, "बाकीची गावं झाली, तुमचंच घोडं कुठं पेंड खातंय?" मग मला सुचलं. शिमग्याला अख्खी मुंबई गावात उतरते, तेव्हाच सभा घ्यायची. साहेब खूश झाले. म्हणाले, "डोकं आहे हो तुम्हाला."

डोकं होतं. आणि काय मागायचं तेही ठरलेलं होतं. निदान माझ्या आणि सुगंधाच्या मनात.

सुगंधा रांबाडे. पस्तिशीची, काटक, बोलायला फटकळ. नवरा विलास मुंबईला एका खानावळीत कामाला, ही सासू आणि मुलीसोबत गावात. मुलगी दर्शना नववीत. निवेखोलमधून हायस्कूलला जाणारं तेवढं एकच पोर उरलं होतं. आणि ते जात होतं ते वस्तीच्या गाडीच्या जोरावर.

वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी तालुक्याहून यायची, गावात मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत निघायची. त्या पहिल्या गाडीनं दर्शना शाळेला जायची. सुगंधा दोन टोपल्या घेऊन बाजाराला: भाजी, कुळीथ, ताक, मे महिन्यात फणसाचे गरे. संध्याकाळी दोघी त्याच गाडीनं परत. गावातल्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी, गॅसचा नंबर, पेन्शनची चौकशी, सगळं सुगंधाच्या त्या टोपल्यांतून जायचं आणि यायचं. गाडी होती म्हणून सुगंधा गावात होती, आणि सुगंधा होती म्हणून त्या म्हाताऱ्यांचं चाललं होतं.

पण मुक्कामाच्या गाडीला माणसं असतात. ड्रायव्हर, कंडक्टर. दिवसभर घाट चढून उतरून आलेली. त्यांना पाठ टेकायला जागा लागते, पाणी लागतं, संडास लागतो. पूर्वी ते शाळेच्या खोलीत झोपायचे. शाळा बंद पडली, मग छप्पर खाली आलं. तेव्हापासून दोघं सुगंधाच्या पडवीत झोपत होते. ती त्यांना भाकरी-कालवण द्यायची, ते तिच्या टोपल्यांना टपावर नीट जागा द्यायचे. पण एका पावसाळ्यात पडवीत घोणस निघाली. कंडक्टरनं डेपोत अर्ज केला, आणि डेपोचं पंचायतीला पत्र आलं. जूनपर्यंत गावानं सोय करावी, नाहीतर मुक्कामाची फेरी बंद. मला त्या पत्रात काही चुकीचं वाटलं नाही. सापाशेजारी कोण झोपेल?

ते पत्र मी सुगंधाला वाचून दाखवलं तेव्हा ती चूल फुंकत होती.

"खोलीच बांधायची ना?" ती म्हणाली. "शाळेचं जोतं हाय. त्येच्यावर उठवायची. भायेर संडास, एक टाकी. सरकार ह्या नव्या योजनेत देईल?"

"गावानं मागितलं तर देईल."

"गावाला काय मुंबैहून विचारायचं हाय? गाव म्हंजे आमीच की." मग तिनं पदराला हात पुसले आणि मला ओढतच शाळेपाशी नेलं. नारळाची दोरी धरून आम्ही दोघींनी जोतं मोजलं. दहा बाय बारा. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये दर्शना आकडे लिहून घेत होती. "दर्शनाची दहावी व्हईस्तोवर गाडी ऱ्हायली पायजे, मॅडम," सुगंधा म्हणाली. "न्हायतर हे मला मुंबैला नेतील. नालासोपाऱ्याला एका खोलीत सहा माणसं ऱ्हातात. तितं मी काय करू? माजी जमीन हितं, माजी भाजी हितं."

"अर्ज लिही," मी म्हटलं. "सभेत मी वाचते. बाकीचं मी बघते."

बाकीचं मी बघते. मी तेव्हा हे अगदी मनापासून म्हटलं होतं.

तर सहाणेवर कोरम भरला. धोंडूतात्यांनी नमस्कार करून सभा माझ्यावर सोपवली. त्यांचं वय झालं होतं, ऐकू कमी यायचं, आणि मुंबईकर आले की ते आपसूकच गप्प व्हायचे. मी योजना समजावली. मग सुगंधाचा अर्ज वाचला. चालक-वाहकांसाठी खोली, संडास, पाण्याची टाकी. खाली बारा नावं, त्यातले आठ अंगठे.

वाचून संपायच्या आत बाळादादा पुढं झाला. बाळादादा म्हणजे मुंबईतल्या निवेखोल ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. निवृत्त, गोड बोलणारा, गावावर खरंच जीव असलेला माणूस. तो वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. शिमगा-गणपतीला शंभर माणसं गावात आणणं हे सोपं काम नाही, आणि ते तो तीस वर्षं करत होता.

"मॅडम, अर्ज चांगला आहे," तो म्हणाला. "पण मला सांगा, आम्ही गावी आलो की झोपायचं कुठं? निम्म्या घरांचे वासे पडलेत. काल आमच्या बायका-पोरी ह्या मांडवात झोपल्या. पोरींना अंघोळीला आडोसा नाही. ह्याच्यामुळं नवी पिढी यायचीच बंद होईल. आपण इथं सहाणेसमोर भवन बांधू. मोठा हॉल, वर चार खोल्या, खाली न्हाणीघर, संडास. सांस्कृतिक भवन! माणसं येत राहिली तर गाव गजबजेल. योजना त्याचसाठी आहे ना?"

टाळ्या पडल्या. खरं सांगू का, मलाही क्षणभर पटलं. त्याच्याही म्हणण्यात दम होता.

बायकांच्या बाजूनं सुगंधा उभी राहिली. "दादानू, तुमी वर्षाचे पंधरा दिस येता. आमी बाकीचे साडेतीनशे दिस हितं आसतो."

"अगं, तुमच्यासाठीच तर चाललंय!"

"मंग ह्या भवनातली एक खोली गाडीवाल्यांना द्या. एकच. तुमचं भवन पण व्हईल, माजी गाडी पण ऱ्हाईल."

मला हायसं वाटलं. मी पेन उचललं. हे मला का सुचलं नाही, असंही मनात आलं. पुरुषांत कुजबुज झाली. मग बाळादादानं मान हलवली.

"नाही जमणार. देवीच्या तोंडासमोरची वास्तू. तिथं डेपोची माणसं येणार, काय खाणार, काय पिणार, कुणी बघायचं? आणि कुलूप लागणार, चावी मंडळाकडं राहणार. रोज संध्याकाळी उघडायला कोण येणार मुंबईहून?"

"चावी माज्याकडं द्या की," सुगंधा म्हणाली.

ह्यावर कुणीतरी मागून हसलं. "तिच्या पडवीत झोपतातच की ते," असं काहीसं पुटपुटणं मला ऐकू आलं. विलासलाही आलं असणार. तो चौथ्या रांगेत उभा होता, हातात नवं घड्याळ, मान खाली. मुंबईत त्याला हे बोलणं किती वेळा ऐकावं लागलं असेल कोण जाणे. त्याची मान वर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"मतदान घ्या," बाळादादा म्हणाला. "घरटी एक हात. रिवाजाप्रमाणं."

घरटी म्हणजे घरामागं एक. निवेखोलमध्ये सगळं घरटी चालायचं. शिमग्याची वर्गणी घरटी, पालखीला खांदा घरटी, रस्त्याच्या कामाला माणूस घरटी. कुलूप लागलेलं घरही घरच. त्याचा हात मुंबईचा. गावात नव्वद घरं, त्यातली चौसष्ट बंद. हिशोब मी मांडायची गरजच नव्हती.

आणि कायदा मला पाठ होता. ग्रामसभेत घराला मत नसतं, माणसाला असतं. यादीत नाव असलेल्या हरेक माणसाला, बाईला, म्हातारीला एक. हे मी प्रशिक्षणात दोनदा शिकले होते आणि एकदा दुसऱ्यांना शिकवलंही होतं.

हात वर व्हायला लागले. भवनाच्या बाजूनं. विलासचाही झाला, सगळ्यांत उंच. फणसाखाली सुगंधानंही हात वर केला, अर्जाच्या बाजूनं.

"तुझ्या घराचा झाला ना गं," बाळादादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "विलासनं केला की. एका घरातून दोन हात कसे?"

सुगंधानं हात खाली घेतला नाही. ती माझ्याकडं वळली.

"मॅडम, तुमी सांगा. कायद्यात काय हाय?"

एकशे सदतीस माणसं माझ्याकडं बघत होती. उन्हानं डोकं ठणकत होतं. घरटी नाही म्हटलं की माणशी मतं मोजायची, बायका नवऱ्यांसमोर हात वर करणार की नाही ह्याचा तमाशा, भांडण, सभा उधळली की कोरम गेला, कोरम गेला की योजना गेली. साहेबांचा आवाज कानात. शिवाय माझ्या बदलीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर नऊ महिने पडलेला. कोरेगावला माझी आई अंथरुणाला खिळलेली. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, मी दमले होते हो. अगदी कंटाळून गेले होते. लवकर उरकावं आणि पायात चपला घालाव्यात, एवढंच मला वाटत होतं.

"गावचा रिवाज आहे," मी म्हटलं. "गावानं ठरवावं."

सुगंधाचा हात हळूहळू खाली आला.

मग बाळादादानं गुरवाला खूण केली. गावात कुठलंही मोठं काम ठरलं की देवीपुढं गाऱ्हाणं घालतात. गुरव देवीला सांगतो, प्रत्येक वाक्यानंतर जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो, आणि मग तो शब्द झाला. त्यानंतर त्या कामाला कुणी फाटे फोडत नाही. सरकारी ठरावाचं गाऱ्हाणं ह्याआधी कधी झालं नव्हतं. पण पालखी समोर होती, गाव जमलेला होता, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही अडवलं नाही.

तानू गुरव नारळ घेऊन उभा राहिला. सगळे हात जुळले. मीही वही बाजूला ठेवून उठले.

"बाय वाघजाई," त्यानं सूर लावला, "आज तुज्या सहानंवर लहान-थोर सगली मंडली जमलीत."

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या सामने भवन बांधायचं गावानं मनावर घेतलंय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या कामाला समदा गाव एकमुखानं राजी हाय."

"व्हय म्हाराजा!"

आणि तो गजर विरतो न विरतो तोच, त्या मधल्या शांततेत, फणसाखालून एक आवाज आला. मोठा नव्हता. पण स्वच्छ होता.

"नाय म्हाराजा."

तानू गुरवाचा नारळ धरलेला हात हवेत थांबला. मी त्या गावात आधी पाच वर्षं आणि नंतर नऊ महिने काढले. दर शिमग्याला, दर जत्रेला गाऱ्हाणं ऐकलं. 'नाय' हा शब्द त्यात तेवढा एकदाच ऐकला. सुगंधा हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बायका पाऊलभर सरकल्या. सासू पालखीकडं बघत राहिली. विलास जमिनीकडं.

बाळादादानं ढोलवाल्यांना हात केला. ढोल एकदम दणाणले. नारळ फुटला, गुलाल उडाला, पालखी उठली आणि नाचायला लागली. पुढचं गाऱ्हाणं त्या दणक्यात कुणाला ऐकू आलं नाही. मी कोपऱ्यात बसून ठराव लिहिला. धोंडूतात्यांची सही घेतली, मग घरोघरच्या कर्त्यांच्या सह्या. बाळादादा एकेकाला बोलावून आणत होता, गुलालाची बोटं वहीवर उमटत होती.

निघताना चपला सापडेनात. जिथं काढल्या होत्या तिथं ऊन आलं होतं. फणसाखाली बसलेल्या एका म्हातारीनं बोटानं दाखवलं. सावलीत, खोडाला लागून नीट जोडीनं ठेवलेल्या.

"सुगंधानं ठेवल्यान मगाशी," ती म्हणाली. "बोलली, मॅडमचे पाय भाजतील."

मी चपला घातल्या आणि मागं न बघता रिक्षात बसले.

ठराव वेळेत पोचला. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तालुक्यात सर्वांत जास्त उपस्थिती निवेखोलची. एप्रिलमध्ये भवनाचा पाया खणला. मेमध्ये चाकरमानी आले, पायाजवळ उभे राहून फोटो काढून गेले. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात वस्तीची गाडी बंद झाली. आता गाडी दुपारी एकदा यायची आणि तोंड फिरवून परत जायची. शाळकरी पोरीला किंवा भाजीवालीला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

त्यानंतर चारेक दिवसांनी सुगंधा ऑफिसात आली. आमचं ऑफिस शेजारच्या गावात, निवेखोलपासून दोन तासांची चाल. पावसाची भुरभुर होती. छत्री बाहेर ठेवून ती दारात पाय पुसत राहिली, बराच वेळ.

"बस ना," मी म्हटलं. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

"रहिवासी दाखला पायजे व्हता. दर्शनाचं नाव तितल्या शाळेत घालायचं हाय. शाळेचा दाखला मिळालाय, हा लागतो बोलतात."

"आणि सासूबाई?"

"त्या येत नाय बोलतात. देवीला सोडून जायचं नाय त्यांना. शेजारची म्हातारी आणि त्या दोगी एकत्र जेवतील." तिनं पिशवीतून फोटो काढला, रेशनकार्ड काढलं. "आणिक एक. त्या ठरावाची नक्कल बगायला मिळंल?"

"कशाला?"

"बगायची हाय."

ग्रामसभेचा ठराव कुणीही मागू शकतो. मी वही काढून तिच्यासमोर ठेवली. ती सातवी शिकलेली होती. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचत गेली. "सदर... कामास ग्रामसभेने... सर्वानुमते मंजुरी दिली. ठरावास... कोणीही विरोध... नोंदविला नाही."

'कोणीही'वर तिचं बोट परत गेलं. तिथंच थांबलं.

तो ठराव माझ्या अक्षरात होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाळादादानंही नाही. 'विरोध एक' एवढं लिहिलं असतं तर योजना काही अडली नसती. फार तर साहेबांनी फोन करून विचारलं असतं, कोण हो ही बाई, काय म्हणणं आहे तिचं. आणि मला सांगावं लागलं असतं. तेवढाही व्याप मला नको होता. तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं की तिच्या घराचं मत विलासनं दिलंय, गाऱ्हाण्यातलं बोलणं म्हणजे काही मतदान नव्हे. आता तीच वाक्यं मी जिभेवर तयार ठेवली. ती भांडली की म्हणणार होते. ती भांडायला हवी होती, मला फार बरं वाटलं असतं.

सुगंधानं वही मिटली.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्या दिसाला सहानंवर मी 'नाय' बोलले. ते तुमाला ऐकू आल्यालं?"

बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. मी मान वर केली. ती रागानं विचारत नव्हती. घाबरत घाबरत विचारत होती.

"आलं होतं," मी म्हटलं. "स्पष्ट आलं होतं."

तिनं श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकवली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मंग ठीक हाय. हे बोलतात, तू काय बोललीच नायस, उगा सांगत फिरतेस. सासू बाजूला उभी व्हती, ती बोलते मला नाय आयकाय आलं. ज्याला विचारीन तो बोलतो, नाय बा. मला पण वाटाय लागलं व्हतं की आवाजच फुटला नसंल माजा. मनातच बोलले असंन." ती हसली. "चला. तुमाला तरी आल्यालं."

माफी मागायची होती, ती मागता आली नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द आहेत, पण टेबलाच्या ह्या बाजूला बसून ते निघत नाहीत. मी दाखल्याचा छापील कागद ओढला आणि नाव भरलं. सौ. सुगंधा विलास रांबाडे. खाली छापलेलंच होतं, 'ह्या मौजे निवेखोल येथील कायमच्या रहिवासी आहेत.'

"कायमच्या?" ती वाकून वाचत म्हणाली.

"ते छापील आहे. खोडू का?"

"नको. ऱ्हाऊ दे."

मी शिक्का मारला, सही केली. तिनं कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भिजू नये म्हणून. मी दाखल्यांचं रजिस्टर पुढं केलं. दाखला घेणाऱ्यानं पोच म्हणून सही करायची असते.

ती पेन हातात घेऊन थांबली. "हितं माजीच सही लागते? ह्यांची नाय चालत?"

"तुझीच लागते."

तिनं सावकाश, गिरवल्यासारखी सही केली. पूर्ण नाव, काना-मात्रा न चुकवता. मग छत्री उघडून पावसात निघाली. दोन तासांची चाल होती.

डिसेंबरात माझी बदली झाली, कोरेगावला. आई त्याआधीच गेली. भवन पुढच्या वर्षी पुरं झालं, चावी मुंबईला आहे असं ऐकते. चार्ज देताना मी निवेखोलची दप्तरं एकेक करून तपासली. ठरावांच्या वह्या, हजेरी, अर्ज. सुगंधाच्या त्या अर्जावर दर्शनानं लिहिलेलं तिचं नाव होतं आणि पुढं अंगठा, घाईत सगळ्यांबरोबर उमटवलेला. तिच्या हातची सही सगळ्या दप्तरात एकाच जागी सापडली. जून महिना, अनुक्रमांक सात. दाखला मिळाला.